ओरल सर्जरीची एक्सटर्नशिप : दोन आठवड्यांत चांगली छाप कशी पाडावी?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी महाराष्ट्रातून बीडीएस आणि इंटर्नशिप पूर्ण करून अमेरिकेत आलो. परदेशी पदवीधरांसाठी असलेल्या ॲडव्हान्स्ड स्टँडिंग अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला असून सध्या मी शेवटून दुसऱ्या वर्षात शिकत आहे. पुढे मुख व जबड्याच्या शस्त्रक्रियेची, म्हणजे ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरीची रेसिडेन्सी (पदव्युत्तर प्रशिक्षण) करायची इच्छा आहे.

येथील पद्धत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही रेसिडेन्सी दोन प्रकारची असते : चार वर्षांची, किंवा सोबत एमडीची पदवी देणारी सहा वर्षांची. निवड 'मॅच' पद्धतीने होते, म्हणजे उमेदवार आणि कार्यक्रम दोघेही आपापला पसंतिक्रम देतात आणि संगणक जोड्या लावतो. सीबीएसई नावाच्या मूलभूत वैद्यकीय विषयांच्या परीक्षेतील गुणांना फार महत्त्व असते (आपल्याकडचे शालेय मंडळ नव्हे, तरी घरी फोनवर सांगताना प्रत्येक वेळी हा खुलासा करावाच लागतो). त्याखालोखाल महत्त्व असते ते एक्सटर्नशिपला. विद्यार्थी एक-दोन आठवडे दुसऱ्या रुग्णालयातील विभागात जाऊन रेसिडेंट लोकांबरोबर, म्हणजे तेथे प्रशिक्षण घेणाऱ्या निवासी डॉक्टरांबरोबर, राउंड घेतो, शस्त्रक्रियेत हाताखाली उभा राहतो आणि रात्रीच्या कॉलवरही थांबतो. कागदोपत्री हे शिक्षण असते. प्रत्यक्षात ती पंधरा दिवस चालणारी मुलाखत असते, असे सगळेच म्हणतात.

माझी पहिली एक्सटर्नशिप पुढच्या महिन्यात एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात आहे आणि तेथे अपघाताचे रुग्ण पुष्कळ येतात. माझी अडचण अशी की, आमच्या महाविद्यालयात सरांच्या मागे दोन पावले उभे राहावे, विचारले तरच बोलावे आणि हातात काही दिले तरच धरावे, हाच शिष्टाचार होता. येथे त्याचा अर्थ 'याला रस नाही' असा लावला जातो, हे मला एकदा स्पष्टपणे ऐकवण्यात आले आहे. उलट फार पुढे पुढे करणाऱ्यांविषयी मागून काय बोलतात तेही मी ऐकले आहे. मग नेमके किती बोलावे, काय वाचून जावे आणि शिफारसपत्राचा विषय कधी काढावा? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मध्यरात्रीचा_पेजर

मी सहा वर्षांच्या कार्यक्रमाच्या शेवटच्या वर्षात आहे. आमच्याकडे आलेले बरेच एक्सटर्न मी पाहिले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे, तुम्ही किती हुशार आहात हे आम्ही पाहत नाही, कारण ते तुमच्या गुणांवरून कळलेलेच असते. आम्ही एवढेच पाहतो की, पहाटे तीन वाजता आपत्कालीन विभागात हा माणूस शेजारी असला तर माझे काम हलके होईल की वाढेल. त्यामुळे 'छाप पाडणे' हा शब्द थोडा बाजूला ठेवा आणि त्या विभागाचा दिवस कसा चालतो ते आधी समजून घ्या.

दिवस पहाटे पाच-साडेपाचच्या सुमारास रुग्णांच्या यादीने सुरू होतो. सर्वांत कनिष्ठ रेसिडेंट प्रत्येक रुग्णाचे रात्रीचे आकडे गोळा करत असतो : सर्वाधिक ताप किती चढला, ड्रेनमधून, म्हणजे जखमेत ठेवलेल्या नळीतून, किती मिलिलिटर आले, तोंडाने किती घेतले, लघवी किती झाली. पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर नुसते फिरा. दुसऱ्या दिवशी त्याला विचारा, 'यातले दोन रुग्ण मी आधी पाहून ठेवले तर चालेल का?' परवानगी मिळाली तर त्या दोघांची माहिती यादीवरून नव्हे, तर खाटेजवळ जाऊन घ्या. टाक्यांची रेघ टॉर्चने पाहा, खालचा ओठ बधिर आहे का ते विचारा, तोंड किती उघडते ते मोजा. राउंडच्या वेळी 'बरा आहे' असे सांगणारे पुष्कळ असतात. 'काल दोन बोटे तोंड उघडत होते, आज अडीच उघडते, मात्र गिळताना डावीकडे दुखते' असे सांगणारा क्वचित भेटतो आणि त्याचे नाव लक्षात राहते.

दुसरे असे की, खिशात वस्तू ठेवा. टॉर्च, कात्री, गॉझची दोन-चार पाकिटे, चिकटपट्टी, लाकडी जीभदाबणी, मोजपट्टी. हे हास्यास्पद वाटेल. पण राउंडमध्ये सात जण खाटेभोवती उभे असताना अटेंडिंगने (विभागातील वरिष्ठ सर्जनने) हात पुढे केला आणि गॉझ कोणाकडेच नाही, या क्षणी ज्याच्या खिशातून ते निघते त्याच्याकडे सगळे वळून पाहतात.

जबडा बांधण्याच्या कामाविषयी मुद्दाम लिहितो, कारण अपघाताच्या रुग्णालयात तुमच्या हाती पहिले काम बहुधा तेच येईल. दातांच्या ओळीवर आर्च बार, म्हणजे धातूची पट्टी, बसवताना प्रत्येक दाताभोवती चोवीस गेजची तार ओवतात आणि ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पिळतात. दिशा सगळ्यांनी एकच पाळायची, कारण सहा आठवड्यांनी ती तार सोडवणारा माणूस वेगळा असतो. तुमचे काम म्हणजे तारा आधीच थोड्या ताणून ठेवणे, म्हणजे नंतर त्या सैल पडत नाहीत. एकेक तार योग्य बाजूने हातात देणे, जीभ आणि गाल बाजूला धरणे, आणि पिळलेले टोक कापून झाल्यावर ते वळवून हिरडीकडे असे दाबणे की रुग्णाचा ओठ त्यावर घासणार नाही. शेवटी हातमोजे घातलेले बोट संपूर्ण बारवरून फिरवा. बोटाला टोचले तर ओठालाही टोचणार. हे बोट फिरवणे ज्याने न सांगता केले, त्याला आमच्या वरिष्ठ रेसिडेंटने पुढच्या रुग्णाला तार स्वतः पिळू दिली होती.

वाचनाचे म्हणाल तर, सगळे पाठ्यपुस्तक पुन्हा वाचण्याच्या फंदात पडू नका. उद्याच्या शस्त्रक्रियांची यादी आदल्या संध्याकाळी मागून घ्या आणि तेवढ्यांचीच शरीररचना पक्की करा. जबडा पुढे-मागे सरकवण्याची ऑर्थोग्नॅथिक शस्त्रक्रिया असेल तर खालच्या जबड्यातील चेतातंतू कोठून जातो आणि वरच्या जबड्याच्या 'ल फोर्ट एक' छेदात कोणती रक्तवाहिनी मागे धोक्यात असते, एवढे तरी सांगता आले पाहिजे.

सूज घेऊन आलेल्या रुग्णाबाबत दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला : कोणत्या दाताचा संसर्ग कोणत्या जागेत उतरतो? खालच्या दुसऱ्या-तिसऱ्या दाढेची मुळे मायलोहायॉइड या तोंडाच्या तळाच्या स्नायूच्या रेषेखाली असतात म्हणून पू जबड्याखालच्या जागेत उतरतो, आणि पुढच्या दातांची मुळे तिच्या वर असतात म्हणून तो जिभेखाली साठतो. हे पाठांतराने नव्हे, तर चित्र काढून समजून घ्या. दुसरा प्रश्न बहुधा कोणी तोंडाने विचारत नाही, पण तुम्ही त्याचे उत्तर शोधता की नाही हे सगळे पाहत असतात : या माणसाची श्वासाची वाट सुरक्षित आहे का? रुग्ण पुढे वाकून बसला आहे, लाळ गिळता येत नाही, आवाज घोगरा झाला आहे, जीभ वर उचलली गेली आहे, अशा वेळी कोणत्या दाढेमुळे झाले याची चर्चा करत बसणारा विद्यार्थी कितीही हुशार असला तरी मनातून उतरतो.

शिफ्ट_संपली

मी टेक्सासमध्ये शस्त्रक्रियागृहात परिचारिका आहे, म्हणून दारापासून टेबलापर्यंतच्या गोष्टी मी सांगते.

कृष्णाकाठ, आत येताच आधी सर्क्युलेटिंग नर्सला (जी स्क्रब न होता खोलीतली बाहेरची कामे पाहते तिला) स्वतःचे नाव, तुम्ही कोण आहात आणि तुमच्या हातमोज्यांचे माप सांगा. फळ्यावर नाव लिहायची पद्धत असेल तर स्वतः लिहा. गाऊन आणि हातमोज्यांची पाकिटे कपाटातून काढून आणून द्या. पाकिटे उघडायला मात्र विचारल्याशिवाय हात लावू नका. माप ठाऊक नसेल तर ते आधीच्या दिवशी पाहून ठेवा. शस्त्रक्रिया सुरू असताना 'बहुतेक सात असेल' असे म्हणणारा विद्यार्थी आमच्या शिफ्टला दरवर्षी एकदा तरी येतो.

स्क्रब झाल्यावर, म्हणजे हात निर्जंतुक धुऊन गाऊन-हातमोजे घातल्यावर, हात छातीसमोर, कमरेच्या वर आणि खांद्याच्या खाली. स्क्रब टेकच्या (हत्यारे हातात देणाऱ्या तंत्रज्ञाच्या) मेयो टेबलावरून, म्हणजे हत्यारे मांडलेल्या छोट्या टेबलावरून, कधीही, कोणत्याही कारणाने, स्वतः हत्यार उचलू नका. मागा, ती देईल.

सर्वांत महत्त्वाचे असे की, तुमचा हात, कोपर किंवा गाऊन निर्जंतुक क्षेत्राबाहेर कोठे लागला, किंवा लागल्याची नुसती शंका आली, तर कोणी पाहिले नसले तरी त्याच क्षणी मोठ्याने सांगा. आमच्याकडे एका विद्यार्थ्याचा हातमोजा दिव्याच्या मुठीजवळ लागला आणि तो गप्प राहिला. मी पाहिले होते. मी बोलले, हातमोजे बदलले, कोणी रागावले नाही. मात्र नंतर त्याला कोणी टाका घालू दिला नाही आणि त्याला त्याचे कारण शेवटपर्यंत कळले नसावे.

दंतकथा

मी महाराष्ट्रातील एका शासकीय दंत महाविद्यालयात ओरल सर्जरी शिकवतो. अमेरिकेचा मला अनुभव नाही, पण आमचे विद्यार्थी तिकडे जाऊन कोठे अडखळतात ते त्यांच्याकडून ऐकतो.

कृष्णाकाठ, तुमच्याकडे एक भांडवल आहे. आपल्या इंटर्नशिपच्या पोस्टिंगमध्ये सकाळच्या ओपीडीत दात काढण्यासाठी जी रांग लागते, तिच्यामुळे तुमच्या हाताला जो सराव झाला आहे तो तेथील सहाध्यायांना बहुधा मिळालेला नसतो. गुटखा-सुपारीमुळे ज्याचे तोंड उघडत नाही असा रुग्ण, म्हणजे सबम्यूकस फायब्रोसिस, तुम्ही रोज पाहिला असेल. तिकडे काहींनी तो फक्त चित्रात पाहिलेला असतो. परंतु हे भांडवल मिरवण्याचे नाही. 'मी तीनशे दाढा काढल्या आहेत' असे वाक्य पहिल्या दिवशी उच्चारले की पुढची दाढ तुमच्या हाती येत नाही, आणि आली तरी तिचे मूळ नेमके त्याच दिवशी तुटते. हात चालायला लागला की पाहणाऱ्याला आपोआप कळते.

खरा धोका भाषेचा आहे, आणि इंग्रजीपेक्षाही आकड्यांच्या भाषेचा. आपण दातांना दोन अंकी पद्धतीने क्रमांक देतो. तिकडे एक ते बत्तीस अशी सलग पद्धत चालते. आपली ३८, म्हणजे खालची डावी अक्कलदाढ, त्यांची १७ असते. आपली १७ ही वरची उजवी दुसरी दाढ, आणि तिला ते २ म्हणतात. दोन्हीकडे 'सतरा' हा आकडा आहे आणि दात तोंडाच्या अगदी विरुद्ध कोपऱ्यातले आहेत. तेव्हा थकलेल्या रात्री मनातल्या मनात भाषांतर करू नका. क्रमांकाबरोबर दाताचे पूर्ण नाव उच्चारा : 'सतरा, खालची डावी अक्कलदाढ'.

तसेच भुलेचे. आपण महाविद्यालयात बाटलीतून सिरिंजमध्ये लिग्नोकेन भरतो आणि मिलिलिटरमध्ये विचार करतो. ते लिडोकेन म्हणतात आणि काडतुसे, म्हणजे औषध भरलेल्या तयार नळ्या, मोजतात. आपल्याकडे त्यात मिसळलेले ॲड्रेनलिन बहुधा ऐंशी हजारात एक असते, तिकडे एक लाखात एक असते आणि त्याला एपिनेफ्रिन म्हणतात. कमाल मात्रेचा हिशेब तोंडपाठ ठेवा. दोन टक्के म्हणजे मिलिलिटरला २० मिलिग्रॅम, १.७ मिलिलिटरच्या काडतुसात ३४. एपिनेफ्रिनसह किलोला ७ मिलिग्रॅम धरले तर ५० किलोच्या बाईंना ३५०, म्हणजे दहा काडतुसे. आणि वजन कितीही असले तरी ५०० च्या वर जायचे नाही. हा प्रश्न त्यांनी विचारला नाही तर मी माझे नाव बदलेन.

स्पष्टवक्ती

वरचे सगळे सल्ले योग्यच आहेत, तरीही मला एक गोष्ट खटकते. आपण सगळे जण 'त्यांना आपण कसे आवडू' याच प्रश्नाभोवती फिरत आहोत. मॅचमध्ये पसंतिक्रम दोघेही देतात, मग त्या दोन आठवड्यांत परीक्षा एकट्या विद्यार्थ्याचीच का?

मी तीन एक्सटर्नशिप केल्या. त्यांपैकी एका ठिकाणी माझे सर्वाधिक कौतुक झाले आणि तेथील शिफारसपत्रही उत्तम मिळाले. परंतु तेथे दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट अजूनही फक्त गाल ओढून धरत होता, कनिष्ठांचा सर्वांदेखत अपमान होत होता आणि चार वर्षांत स्वतःच्या हाताने किती केसेस होतात हे विचारल्यावर प्रत्येकाने वेगळे उत्तर दिले. मी तो कार्यक्रम यादीत खाली टाकला. कृष्णाकाठ, तुम्हीही डोळे उघडे ठेवा. रेसिडेंट एकमेकांशी कसे बोलतात, जेवायला वेळ मिळतो का, चूक झाल्यावर वरिष्ठ शिकवतो की ओरडतो, शस्त्रक्रियेत सुरी कोणत्या वर्षाच्या हातात असते, हे पाहा. आणि हे प्रश्न अटेंडिंगला नव्हे, तर रात्री अकरा वाजता जेवण गरम करणाऱ्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला विचारा.

मुलींसाठी एक सूचना. माझी उंची पाच फूट एक इंच आहे. पहिल्या दोन दिवशी मी टाचा उंचावून रिट्रॅक्टर (गाल-ओठ बाजूला ओढून धरायचे हत्यार) धरला आणि तिसऱ्या तासाला हात थरथरू लागला. तो थरथरणारा हात पाहून 'ताकद कमी पडते' असा शेरा मिळाला. ताकद नव्हे, पायाखालचे स्टूल कमी पडत होते. स्क्रब होण्यापूर्वीच स्टूल मागून घ्यावे, त्यात संकोच नको.

मध्यरात्रीचा_पेजर

स्पष्टवक्ती यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि गंमत म्हणजे, असे प्रश्न विचारणारा विद्यार्थी आम्हाला जास्त गंभीर वाटतो.

शिफारसपत्राविषयी राहिले होते. पहिल्या आठवड्यात विषयच काढू नका. दुसऱ्या आठवड्याच्या मध्यावर, ज्या अटेंडिंगबरोबर तुम्ही कमीत कमी तीन-चार शस्त्रक्रियांत उभे राहिला असाल, त्यांची एकांतात भेट मागा आणि 'तुम्ही मला पुरेसे पाहिले आहे असे वाटत असेल तर' अशी पळवाट त्यांच्यासाठी ठेवून विचारा. ओळख नसताना लिहिलेले गुळमुळीत पत्र न मिळालेल्या पत्रापेक्षा वाईट असते. विभागप्रमुखांचेच पत्र हवे, हा हट्टही सोडा.

आपल्या 'सर' म्हणण्याच्या सवयीचे म्हणाल तर अटेंडिंगना डॉक्टर आणि आडनाव, रेसिडेंटना त्यांनी सांगितलेले पहिले नाव. पहिला आठवडा जिभेला ते जड जाईल. मला सहा महिने लागले.

आणि उत्तर येत नसेल तर 'मला माहीत नाही, आज रात्री वाचून उद्या सांगतो' असे म्हणा. मात्र मग उद्या खरोखर सांगा. बहुतेक जण दुसरा भाग विसरतात.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. एक्सटर्नशिप गेल्या शुक्रवारी संपली, म्हणून वृत्तान्त देतो.

दंतकथा सर, तुम्हाला नाव बदलावे लागणार नाही. काडतुसांचा प्रश्न दुसऱ्याच दिवशी आला. रुग्ण ५० नव्हे, ६० किलोचा होता आणि मी बारा म्हणालो. मग अटेंडिंगनी विचारले, 'आणि त्याला हृदयविकार असेल तर?' तेथे मला फक्त एपिनेफ्रिन कमी करावे लागेल एवढेच सांगता आले. किती, ते वाचून दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितले. त्यांनी मान हलवली आणि पुढे चालू लागले.

शिफ्ट_संपली ताई, चौथ्या रात्री जबड्याच्या फ्रॅक्चरच्या शस्त्रक्रियेत माझे कोपर भूलतज्ज्ञांच्या बाजूच्या नळीला लागले असे मला वाटले. कोणी पाहिले नव्हते. तोंडातून शब्द फुटायला दोन-तीन सेकंद लागले, हे कबूल करतो. मी सांगितले, स्क्रब टेकने वरून निर्जंतुक बाही चढवली आणि सर्जननी मान वर न करता 'सक्शन' एवढेच म्हटले.

एक प्रसंग मात्र सविस्तर लिहितो. दुसऱ्या आठवड्यात मला दोन रुग्ण सकाळी पाहायला दिले होते. त्यांतील एका वृद्ध गृहस्थांचे दोन्ही जबडे तारेने एकमेकांना बांधलेले होते आणि रात्री त्यांना अतिदक्षता विभागातून साध्या वॉर्डात हलवले होते. जबडे बांधलेल्या रुग्णाच्या उशाशी तार कापायचे कटर टांगलेले असावे लागते, म्हणजे उलटी झाली किंवा श्वास अडकला तर तारा तत्काळ कापता येतात. मी पहाटे पाच वाजता गेलो तेव्हा उशाशी ते नव्हते. खाटेखाली, कपाटात, सामानाच्या पिशवीत पाहिले. गृहस्थ बोलू शकत नसल्याने त्यांनी पाटीवर 'काय हरवले?' असे लिहून विचारले. कटर जुन्या खाटेलाच अडकलेले राहिले होते. मी नर्सला सांगितले, जिने उतरून ते घेऊन आलो, चिकटपट्टीने खाटेच्या डोक्याशी बांधले आणि राउंडच्या वेळी त्या रुग्णाच्या आकड्यांबरोबर एका वाक्यात तेही सांगितले. त्यानंतरच्या तिन्ही दिवशी मुख्य रेसिडेंटने मला तारा पिळू दिल्या. माझ्या सीबीएसईच्या गुणांविषयी किंवा महाराष्ट्रातील अनुभवाविषयी दोन आठवड्यांत कोणीही विचारले नाही.

शिफारसपत्राविषयी अटेंडिंगना बुधवारी विचारले. त्यांनी होकार दिला आहे.

शिफ्ट_संपली

अभिनंदन. आणि हातमोज्यांचे माप?

कृष्णाकाठ

ताई, तो शिष्य मीच निघालो. 'सात' असे ठणकावून सांगितले होते. पहिल्या दिवशी तीन तासांनी बोटांना मुंग्या आल्या, तेव्हा स्क्रब टेकनेच कानात सांगितले की, तुला साडेसात लागतात, आणि दोन जोड घालतोस तेव्हा आतला आठचा घे.